आठ सोमवारच्या काचा

पुलाला दीडशे वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानिमित्त खात्याला पुस्तक काढायची हुक्की आली होती. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्या पानावर मोठ्या साहेबांचं मनोगत. पुलाचा इतिहास लिहायचं आणि नव्याने मापं घेऊन नकाशे काढायचं काम टेपताईच्या गळ्यात पडलं. टेपताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कमरेला कायम मोजपट्टी अडकवलेली असते म्हणून खात्यातल्या लोकांनी ते पाडलं होतं. वय एकोणतीस, हाताला पक्की आणि जिभेला तिखट. स्वतः हात लावून मोजल्याशिवाय कागदावर रेघ मारायची नाही, हा तिचा नियम. बाकीचे आरेखक जुना नकाशा खाली ठेवून नवा गिरवत, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी चुकवलेली दुसऱ्या कमानीची रुंदी आजतागायत चुकलेलीच होती. ती चूक तिने पहिल्याच दिवशी पकडली आणि चार जणांशी वैर घेतलं.

हे काम तिने हौसेने घेतलं नव्हतं. रागाने घेतलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी, संध्याकाळी बाजार सुटायच्या वेळेला, या पुलाची तिसरी कमान नदीत कोसळली. नऊ माणसं गेली. चौकशी बसली आणि सगळं खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फुटलं. तो माणूस म्हणजे पुलाचा तपासनीस, टेपताईचे वडील. दर सोमवारी पुलाच्या पोटात उतरून तपासणी करायची असताना ते आठ आठवडे तिकडे फिरकलेच नाहीत, असं अहवालात आलं. नोकरी गेली. शेजारपाजाऱ्यांनी बोलणं टाकलं. चार वर्षांत माणूस झिजून संपला. ते गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तेव्हापासून पोटात घेतलेला राग तिने कधी खाली ठेवला नव्हता.

मोठ्या साहेबांनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला.

"पुस्तकात दुर्घटनेवर एवढं एकच वाक्य जाईल. इतिहासाचं प्रकरण तुमच्या सहीने छापणार आहोत."

तिने वाचलं. 'तपासनिसाच्या हलगर्जीपणामुळे तिसरी कमान कोसळली.'

"हे माझे वडील होते, साहेब."

"माहीत आहे. म्हणूनच तुमची सही बरी दिसेल. खात्यात कुणाच्या मनात किल्मिष नाही, असं लोकांना वाटेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गृहस्थांना दुसरी सही मिळत नव्हती असं नाही. त्यांना तिचीच हवी होती, बापावर लेकीची. त्या काळात हेच साहेब पुलावरचे कनिष्ठ अभियंता होते, आणि चौकशीत त्यांनी सरळ कानावर हात ठेवले होते.

"आधी मोजते," ती म्हणाली. "मग काय लिहायचं ते बघते."

तिसऱ्या खांबाच्या पोटात एक खोली आहे. पुलाच्या कठड्यावरून लोखंडी शिडी खाली जाते आणि तिच्या तळाशी लोखंडी दार लागतं. सोमवारी वरच्या धरणाचे दरवाजे बंद असतात, पाणी उतरतं आणि दाराचा उंबरा मोकळा होतो. एरवी तिथे जाता येत नाही. कमान नवी बांधली तेव्हापासून तिथे कुणी गेलंच नव्हतं. दाराची किल्ली खात्याच्या कपाटातून तिने स्वतः सही करून घेतली होती. पहिल्या सोमवारी, भर अकराच्या उन्हात, ती आणि खात्याचे फोटोग्राफर खाली उतरले. त्यांना सगळे काका म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पोट सुटलेलं, प्रत्येक पायरीला धापा. कुलूप उघडायला तेल घालून वीस मिनिटं झटावं लागलं.

खोली सात फूट लांब, साडेचार फूट रुंद. तिने ती मोजली आणि आकडे लिहिले. गारवा, वर कमानीवरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर, चुन्याचा वास. काकांनी बॅटरी समोरच्या भिंतीवर धरली.

भिंतीवर आठ काचपट्ट्या होत्या.

काचपट्टी म्हणजे बोटभर रुंदीचा काचेचा तुकडा. दगडी बांधकामाला तडा गेला की तपासनीस तो तुकडा तड्यावर आडवा ठेवतो, दोन्ही टोकं प्लॅस्टरच्या गोळ्यांनी चिकटवतो आणि वर तारीख घालतो. तडा वाढला तर काच तुटते. बाकी काही मोजावं लागत नाही. या खात्याचा आणखी एक जुना रिवाज होता. तुटलेली काच जो कोणी पाहील त्याने तिच्याशेजारी भिंतीवरच 'पाहिले' असं लिहून सही करायची, मग तो अभियंता असो नाहीतर पहारेकरी. मला कुणी सांगितलंच नाही, असं पुढे कुणाला म्हणता येऊ नये म्हणून.

सर्वांत वरची पट्टी तिच्या हाताच्या उंचीपलीकडे होती. तिथून एकेक वीत खाली येत आठवी कमरेइतक्या उंचीवर होती. तडा वरून उतरत आला की तपासनीस असाच त्याचा पाठलाग करतो. आठही काचा मधोमध तुटलेल्या. प्रत्येकीवर तारीख, कमान पडण्याआधीचे आठ सोमवार, एकामागोमाग एक. अक्षर बाबांचं होतं. सात हा आकडा ते पोटातून आडवी रेघ मारून काढत. घरातल्या जुन्या वह्यांमध्ये तिने तो हजारदा पाहिला होता.

तिने पिशवीतून चौकशीच्या फायलीतला फोटो काढला. कमान पडल्यावर दोन दिवसांनी याच भिंतीचा घेतलेला. पांढरीशुभ्र, कोरी भिंत. खाली टाइप केलेलं होतं, 'काचपट्टी एकही नाही.' याच फोटोने तिच्या वडिलांना संपवलं होतं.

"काका, तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय," काका म्हणाले.

ती पुढे झाली आणि पाचव्या पट्टीच्या प्लॅस्टरला तिने बोट लावलं. बोट आत रुतलं. प्लॅस्टर ओलं होतं. तिने काचेखालून भिंतीवर नख फिरवलं. तडा नव्हताच. कमान बांधताना भिंत दुरुस्त केली होती, दगड एकसंध होता. न तडकलेल्या भिंतीवर काचा तुटल्या होत्या.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की कुणीतरी थट्टा करतंय. मेलेल्या माणसाचं अक्षर गिरवून लेकीला खेळवतंय. तिला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. काकांनी फोटो काढले, पण प्रत्येक फोटोत काचेवर झोत आपटून नुसता पांढरा डाग उमटला. मग तिने मोठा कागद पसरला आणि आठही पट्ट्या मापं घेऊन हाताने काढल्या. शेजारी रकाना आखला, 'पाहिले, कोणी'. तो आठही ओळींत रिकामा राहिला. वर आल्यावर तिने दाराला नवं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दुसऱ्या सोमवारी कुलूप जसंच्या तसं होतं.

आत पहिल्या तीन पट्ट्यांशेजारी निळ्या शाईत 'पाहिले' लिहिलं होतं आणि खाली सही होती. शेवटचं अक्षर वर नेऊन त्याला मारलेला फटका. तिच्या टेबलावर रोज वीस फायलींवर येणारी मोठ्या साहेबांची सही.

तिला आनंद झाला, असं म्हणायला हरकत नाही. रागालासुद्धा कधीकधी आनंद होतो. तिने सही हुबेहूब उतरवून घेतली. काका दाराशी उभे होते.

"तुम्ही साक्षीला याल ना?"

"मला दिसलं, ताई. पण मी लिहून देणार नाही." ते कॅमेऱ्याचं झाकण लावत होते. "दोन वर्षं राहिलीत. कशाला उगाच."

साहेबांनी तिचा कागद बराच वेळ पाहिला.

"माझी सही छान काढता तुम्ही."

"मी ती काढलेली नाही. उतरवली आहे. पुढच्या सोमवारी चला, दाखवते."

"मला गुडघ्यांचा त्रास आहे." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. पंखा चालू असूनही कपाळाला घाम होता. "तीनदाच सांगितलं होतं त्यांनी मला. नंतर सोडून दिलं. मला वाटलं, होईल काहीतरी. सगळेच पूल तडकतात."

"नऊ माणसं गेली, साहेब. आणि तुम्ही माझ्या बापाला बळीचा बकरा केलात."

त्यांनी मान वर केली. ओशाळलेपण असावं असं तिला वाटलं होतं, पण त्या नजरेत कंटाळा होता.

"आठ पट्ट्या म्हणता ना? माझ्या तीन झाल्या. बाकीच्या पाचांवर कोण येतं ते आधी बघा. मग काय छापायचं ते तुम्हीच ठरवा. मी अडवणार नाही."

हे बोलणं तिला आठवडाभर कुसळासारखं टोचत राहिलं.

तिसऱ्या सोमवारी चौथ्या पट्टीशेजारी आवक कारकुनाची सही होती. येणारे सगळे अहवाल शिक्का मारून घेणारा हाच माणूस, आणि असा कोणताही अहवाल आला नाही असं शपथेवर सांगणाराही हाच. पाचव्या पट्टीपाशी अंगठा होता. पहारेकरी अंगठाबहाद्दर होता हे तिला फायलीतून माहीत होतं. तपासनिसाला आपण कधी शिडी उतरताना पाहिलं नाही, असं त्याने सांगितलं होतं. ती एकेक उतरवून घेत होती आणि तोंडाने शिव्या देत होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळे मूग गिळून बसले होते.

सहाव्या पट्टीशेजारची सही तिला ओळखू येईना. गोल, स्वच्छ, जरा बायकी.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"माझी," काका म्हणाले.

ती वळली. ते भिंतीकडे बघत नव्हते, आपल्या बुटांकडे बघत होते.

"फोटो मीच काढला होता. तुमच्या फायलीतला. मला सकाळी बोलावलं, तेव्हा पट्ट्या होत्या. साहेब म्हणाले, थांब जरा, भिंत घाण आहे. आम्ही दोघांनी खरवडली, चुना मारला. मग म्हणाले, आता काढ. फोटो खोटा नव्हता, ताई. तेव्हा भिंतीवर खरंच काही नव्हतं."

तिने त्यांच्या अंगावर जाऊन ओरडायला हवं होतं. ओरडली असतीही. पण तोवर तिची नजर सातव्या पट्टीवर गेली होती.

ती सही तिला कारकुनाला किंवा फायलीला विचारावी लागली नाही. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती सही होती. आईची.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. टेपताईने कागद यंत्रावर आदळला.

"हे काय आहे?"

आईने चष्मा पुसून पाहिलं. इतक्या वर्षांनी कुणी काही दाखवलं याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"सातव्या सोमवारी मी डबा द्यायला गेले होते. त्यांनी मला खाली नेऊन दाखवलं. म्हणाले, कुणी ऐकत नाही, निदान तू तरी बघ."

"मग चौकशीत का नाही बोललीस?"

"ते तुमचे साहेब घरी आले होते. ह्याच खुर्चीवर बसले. म्हणाले, वहिनी, त्यांना तडा माहीत होता असं निघालं तर माहीत असून पूल चालू ठेवला म्हणून तुरुंग. माहीत नव्हता असं निघालं तर नुसती नोकरी जाईल. तपासणीची वही घरी होती." आईने यंत्राचं चाक हाताने अडवलं. "मी चुलीत घातली."

"तू?"

"नऊ माणसं मेली होती गं. लोक दारात येऊन थुंकत होते. मला नवरा तुरुंगात नको होता."

"पूल बंद करायचा अधिकार साहेबांना होता, बाबांना नव्हता. तुरुंगात कोण जाणार होतं, ते कळलं नाही तुला?"

"नंतर कळलं."

"बाबांना माहीत होतं, वही तू जाळलीस?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. चार वर्षं एका घरात राहिले, पण वहीचं नाव काढलं नाही."

टेपताईला वाटलं, उठावं आणि ते यंत्र उचलून फेकावं. अठरा वर्षं ती साहेबांवर, कारकुनावर, सगळ्या शहरावर जळत होती, आणि काडी तिच्याच घरात लागली होती.

"म्हणजे एकट्या माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं."

आईने दोरा सुईत ओवायला घेतला. तो लवकर जाईना.

"आई."

"तुलाही विचारलं होतं त्यांनी. चौकशीचे साहेब. मांडीवर घेऊन. बाबा तुला कधी पुलाखाली घेऊन गेले होते का म्हणून."

"मी काय सांगितलं?"

"नाही म्हणालीस." आईने पुन्हा कापड हातात घेतलं. "मी शिकवलं तसं. शहाणी होतीस."

चौथ्या सोमवारी ती शिडी उतरली. काका मागे होते. ते यायला तयार नव्हते, पण तिला एकटीला जायचं धैर्य झालं नव्हतं आणि हे कबूल करायचा तिला राग येत होता.

आठवी पट्टी कमरेइतक्या उंचीवर. ती गुडघे टेकून बसली.

'पाहिले' शिसपेन्सिलीत होतं. अक्षरं मोठी, उतरती, शिरोरेघ शब्दाच्या पुढेही लांबलेली. खाली तिचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. सात वर्षांच्या मुलीला नुकतंच पूर्ण नाव लिहिता येऊ लागलं की ती ते सगळीकडे लिहिते, तसं.

आणि मग तिला ते आठवलं. शाळेला सुट्टी होती. गारवा, चुन्याचा वास, वर गाड्यांची घरघर. बाबांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली होती. "तू पाहिलंस ना? मग कर सही. ज्याने पाहिलं त्याने करायची असते." ते हसत होते. तिला केवढा मोठेपणा वाटला होता.

तिने कागद गुडघ्यावर घेतला. सात ओळी भरलेल्या होत्या. आठवी रिकामी होती.

सात वर्षांच्या पोरीला कोण साक्षीदार धरतं? तिने स्वतःला विचारलं. सात सह्या पुरे होत्या. बाबांचं नाव धुऊन निघायला त्या भरपूर होत्या. साहेब होते, कारकून होता, काका होते. पुस्तकात आईचं नाव आलं तर इलाज नव्हता, आईने ते ओढवून घेतलं होतं. पण हे कशाला? ज्या मुलीने बापासाठी आयुष्यभर राग जपला, तिचंच नाव त्या यादीत कशाला?

स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय ती कागदावर काही लिहीत नसे. तिने त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शिसं बोटाला लागलं.

मग आठव्या ओळीत तिने लिहिलं, 'सही नाही.'

"झालं?" मागून काकांनी विचारलं.

"झालं."

ती उठली. काकांनी बॅटरी भिंतीवर फिरवली, आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"ताई."

वरच्या पट्ट्या नव्हत्या.

पहिली नव्हती, तिसरी नव्हती. साहेबांची निळी शाई नव्हती, अंगठा नव्हता, आईची सही नव्हती. काच नाही, प्लॅस्टर नाही, बाबांचा आडव्या रेघेचा सात नाही. छतापासून खाली भिंत पांढरीशुभ्र होती. चौकशीच्या फोटोत होती तशीच.

तिने दोन्ही हातांनी भिंत चाचपली. कोरडी होती. ती ओरडली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. वरून एक गाडी गेली, मग दुसरी.

हातातल्या कागदावर सात सह्या होत्या. पुढच्या सोमवारी साहेब गुडघे विसरून खाली उतरतील, शांतपणे भिंत बघतील, आणि तिच्या कागदाची घडी घालतील. पुस्तकात एकच वाक्य जाईल.

"इथे आहे काहीतरी," काका म्हणाले.

ते वाकले होते. बॅटरीचा झोत खाली, कमरेइतक्या उंचीवर पडला होता. सगळ्या भिंतीवर तेवढंच उरलं होतं. काच गेली होती, तारीख गेली होती. मोठी, उतरती अक्षरं होती आणि खाली तिचं पूर्ण नाव.



काकांनी ते वाचलं. मग तिच्या हातातल्या कागदाची आठवी ओळ वाचली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि एक कोपरा ओठांना लावून ओला केला.

"पुसून टाकू का, ताई?" त्यांनी मायेने विचारलं. "मागच्या वेळी अख्ख्या भिंतीला अर्धा तासही लागला नव्हता."